गाणारा गळा आणि हलणारे ओठ

१९९० सालच्या दिवाळीत माझा मावसभाऊ लंडनहून आला, तेव्हा त्याने येताना सगळ्यांसाठी चॉकलेटं आणली आणि माझ्यासाठी एक कॅसेट. कॅसेटच्या वेष्टणावर काळ्या सुटातले तीन गवई. त्यातला एक चांगला आडवातिडवा, दाढीवाला, हातात धुण्याच्या बादलीतून काढावा एवढा मोठा पांढरा रुमाल. "हे लाव," मावसभाऊ म्हणाला, "या उन्हाळ्यात फुटबॉलच्या वर्ल्ड कपच्या वेळी तिकडे बीबीसी रोज हेच वाजवत होती. दूधवालासुद्धा हे गुणगुणत दूध टाकायचा."

मी कॅसेट लावली. आमची आत्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मेथी निवडत बसली होती. तिचं वय तेव्हा सत्तरीचं. तिने लहानपणी गंधर्व नाटक मंडळीची नाटकं पाहिलेली; आपल्या नाट्यसंगीतापलीकडचं कुठलंही गाणं म्हणजे 'आरडाओरडा' असं तिचं एका शब्दातलं संगीतशास्त्र. त्या दाढीवाल्याचं गाणं सुरू झालं. तिला शब्द कळायचा प्रश्न नव्हता, मलाही कळत नव्हते. शेवटी आवाज वर चढला, तिथे थांबला आणि रोममधल्या हजारो माणसांच्या टाळ्यांचा पाऊस आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत कोसळला. आत्याने मेथीची काडी हातात तशीच धरली होती. म्हणाली, "पुन्हा लाव." पुन्हा ऐकून झाल्यावर म्हणाली, "हा माणूस गाताना भीत नाही रे."

तो माणूस म्हणजे लुचानो पावारोत्ती. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. ६ सप्टेंबर २००७ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तो आपल्या मोदेना गावी गेला. पण त्याचं नाव निघालं की जाणकारांमध्ये एक वाद अजून हटकून होतो. ऑपेराच्या दिवाणखान्यातलं गाणं याने मैदानात नेलं, चव्हाट्यावर मांडलं, पैशासाठी विकलं, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, त्याने ज्यांनी जन्मात ऑपेरा ऐकला नसता अशा कोट्यवधींच्या कानांवर तो घातला. मला या वादात एक तिसरंच म्हणणं मांडायचं आहे. पावारोत्तीच्या हातून चूक झाली, एकदा नव्हे अनेकदा झाली. पण ती मैदानात जाण्याची नव्हे. ती चूक कुठली, हे आपल्याही घरात, आपल्या मुलांना गाणं-बजावणं शिकवताना, समजून घेण्यासारखं आहे.

भटारखान्यातला गवई

मोदेना हे उत्तर इटलीतलं गाव. तिथे १२ ऑक्टोबर १९३५ रोजी लुचानोचा जन्म झाला. वडील फेर्नांदो पाव भाजणारे, आई आदेले तंबाखूच्या कारखान्यात कामाला. त्याच कारखान्यात आणखी एक बाई कामाला होती आणि तिला त्याच वर्षी मुलगी झालेली. दोघीही दिवसभर कामावर, म्हणून दोन्ही बाळांना दूध पाजायला एकच दाई होती. ती मुलगी म्हणजे पुढे जगभर नावाजलेली गायिका मिरेला फ्रेनी. दाईचं दूध जास्त कोणी प्यायलं हे आमच्या दोघांच्या देहांकडे पाहून कळतंच, अशी थट्टा पुढे होत असे.

वडील फेर्नांदो यांचा आवाज सुरेख होता. तोही 'टेनर'. पुरुषांच्या आवाजांपैकी चढ्या पट्टीतल्या आवाजाला तिकडे टेनर म्हणतात. घरात जुन्या थोर टेनर गवयांच्या तबकड्या होत्या आणि ते त्या पुन्हा पुन्हा ऐकत. पण व्यावसायिक गवई ते कधी झाले नाहीत. कारण एकच: भीती. रंगमंचावर एकट्याने उभं राहायचं म्हटलं की त्यांचे हातपाय गार पडत. ते गावातल्या समूहगायनाच्या पथकात गायचे. तिथे शेजारी दहा माणसं असतात. भीती दहांत वाटली जाते.

मुलगाही त्याच पथकात गाऊ लागला. १९५५ साली हे मोदेनाचं पथक ब्रिटनमधल्या वेल्समधील लँगॉथलेन या लहानशा गावच्या आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सवात गेलं आणि पहिलं बक्षीस घेऊन आलं. एकोणीस वर्षांच्या लुचानोने तिथे पहिल्यांदा परक्या माणसांच्या टाळ्या ऐकल्या. आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या प्रसंगांत तो या बक्षिसाला फार वरचं स्थान देत असे आणि चाळीस वर्षांनी, १९९५ साली, जगप्रसिद्ध झाल्यावर तो मुद्दाम त्या गावी पुन्हा गाऊन आला.

आता खरी गोष्ट सुरू होते, आणि ती आपल्या मध्यमवर्गीय घरांतल्या आईवडिलांनी नीट ऐकण्यासारखी आहे. मुलगा म्हणतो, मला गाणं शिकायचं आहे. वडिलांना स्वतःच्या अनुभवाने त्यातला धोका ठाऊक. गाणाऱ्या शंभरांतला एखादाच पोट भरू शकतो. आईच्या मते मुलाने मास्तरकी करावी. त्यात आपलं ठरलेलं उत्पन्न. शेवटी घरात एक करार झाला. तिसाव्या वर्षापर्यंत लुचानोने घरी राहावं, जेवावं, शिकावं. तिसाव्या वर्षीही गाण्यात काही जमलं नाही, तर त्याने दुसरा मार्ग धरावा आणि आईवडिलांना बोल लावू नये. मला हा करार फार शहाणपणाचा वाटतो. त्यात लाड नाहीत आणि दटावणीही नाही. मुलाला वेळ दिला आहे, आणि वेळेला सीमाही घातली आहे. आपल्याकडे आपण एक तर मुलाला दहावीच्या वर्षी पेटी-तबला बंद करायला लावतो, नाही तर आठव्या वर्षी टीव्हीच्या स्पर्धेत उभं करतो. मधला रस्ता आपल्याला सापडतच नाही.

लुचानोने दोन वर्षं प्राथमिक शाळेत मुलांना शिकवलं, मग विम्याच्या पॉलिसी विकल्या. मोदेनाचे गायक आर्रिगो पोला यांनी त्याला मोफत शिकवलं. सुरुवातीचे सहा महिने गाणं नाहीच. फक्त 'आ, ए, इ, ओ, ऊ'. तोंड कसं उघडायचं, स्वर कुठे ठेवायचा, श्वास कुठून आणायचा. आपल्याकडच्या खर्जाच्या रियाजाची आठवण यावी अशी ही तालीम. पोला जपानला गेल्यावर तो मांतुआ शहरात एत्तोरे काम्पोगाल्यानी यांच्याकडे जाऊ लागला. अशी सहा-सात वर्षं गेली. हातात आलं काय? खेडोपाडीचे फुकटचे जलसे. त्यातच स्वरतंतूवर गाठ आली. फेर्रारा गावातल्या एका कार्यक्रमात गाणं इतकं बिघडलं, की त्याने ठरवलं, पुरे झालं. आणि गंमत अशी, की गाणं सोडायचं म्हटल्यावर मनावरचा ताण गेला, गाठही गेली आणि आवाज परत आला तो आधीपेक्षा मोकळा होऊन.

१९६१ साली त्याने एक गायनस्पर्धा जिंकली आणि बक्षीस म्हणून २९ एप्रिलला रेज्जो एमिलिया या गावच्या थिएटरात त्याला पुच्चिनीच्या 'ला बोएम' या ऑपेरात रोदोल्फो या गरीब कवीची भूमिका मिळाली. वय पंचवीस. तिसाव्या वर्षाची मुदत संपायला अजून अवकाश होता.

नऊ वेळा एकच शिखर

पुढची वाटचाल मी थोडक्यात सांगतो. १९६३ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये जुझेप्पे दी स्तेफानो हा त्या वेळचा मोठा टेनर आजारी पडला आणि त्याच्या जागी लुचानो उभा राहिला. तिथून ऑस्ट्रेलियन गायिका जोन सदरलंड आणि तिचे संगीतसंचालक पती रिचर्ड बॉनिंज यांची नजर त्याच्यावर पडली. सदरलंड उंच होत्या. त्यांच्या शेजारी शोभेल असा धिप्पाड टेनर त्यांना हवाच होता. १९६५ साली त्यांच्याबरोबर तो अमेरिकेत मायामीला गायला, मग कित्येक आठवडे ऑस्ट्रेलियात. या दौऱ्यात त्याने एक अजब शिकवणी लावली. सदरलंड गात असताना त्यांच्या बरगड्यांखाली हात ठेवून तो त्यांचा श्वास कसा चालतो ते पाहायचा. नाव झालेला, ऑपेरात नायक म्हणून उभा राहणारा माणूस सहकारी गायिकेकडून श्वास घ्यायला शिकतो, यात मला त्याचा सगळ्यात मोठा गुण दिसतो. त्याच वर्षी मिलानच्या ला स्काला या थिएटरात तो गायला, समोर नायिका त्याची दूधबहीण फ्रेनी. १९६८ साली न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउस.

त्या मेट्रोपोलिटनमध्येच १७ फेब्रुवारी १९७२ रोजी ती प्रसिद्ध रात्र उगवली. दोनिझेत्तीच्या 'ला फिल दु रेजिमाँ' या ऑपेरात टेनरला एकाच गाण्यात नऊ वेळा 'हाय सी' हा स्वर लावायचा असतो. हा स्वर म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. पेटीवर पांढरी एक पट्टी धरून गाणाऱ्या पुरुषाचा जो तार षड्ज, त्याच्याही वर आणखी एक पूर्ण सप्तक चढलं की जो षड्ज येतो, तो हा स्वर. तो लावायचा भरल्या छातीने, आवाज बारीक न करता. समोर वाद्यवृंद वाजत असतो, प्रेक्षागृहात तीन-साडेतीन हजार माणसं असतात आणि माइक नसतो. लागला तर लागला. नाही तर शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कळतं की फसला. पावारोत्तीने तो नऊ वेळा असा लावला, की जणू झाडावरचं फळ तोडतो आहे. पडदा पडल्यावर प्रेक्षकांनी त्याला सतरा वेळा बाहेर बोलावलं. १९८८ साली बर्लिनमध्ये दोनिझेत्तीच्याच दुसऱ्या एका ऑपेरानंतर टाळ्या एक तास सात मिनिटं चालल्या आणि पडदा १६५ वेळा वर गेला, अशी विक्रमांच्या पुस्तकात नोंद आहे.

एवढं सगळं झालं, पण वडिलांकडून आलेली भीती काही गेली नव्हती. आमच्या आत्याचा अंदाज त्या बाबतीत चुकला होता. रंगमंचावर जाण्याआधी हा माणूस अक्षरशः लटपटायचा. विंगेत, लाकडी फळ्यांत, कुठे वाकडा खिळा पडलेला दिसतो का ते शोधत हिंडायचा. तो सापडला की शुभशकुन. त्याच्यावर माया करणारे लोक आधीच एखादा वाकडा खिळा तिथे टाकून ठेवत. तो पांढरा रुमालही १९७३ साली अमेरिकेतल्या एका मैफलीपासून हाती आला. एकट्याने, वेषभूषेशिवाय, भूमिकेशिवाय उभं राहायचं, तेव्हा हातांचं काय करायचं हा प्रश्न होता. रुमाल धरला की हात स्थिर राहत. बाप भीतीमुळे पावाच्या भट्टीशी राहिला आणि मुलगा भीती बरोबर घेऊन मंचावर गेला. दोघांत फरक एवढाच.

मैदानात गेला, म्हणून काय बिघडलं?

आता वादाकडे वळू. ७ जुलै १९९० रोजी, वर्ल्ड कपच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री, रोममधल्या काराकाला या प्राचीन स्नानगृहाच्या अवशेषांत तीन टेनर एकत्र गायले: पावारोत्ती, प्लासिदो दोमिंगो आणि होसे कारेरास. वाद्यवृंदाचं संचालन करत होते आपल्या मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. निमित्तही चांगलं होतं. कारेरास १९८७ साली रक्ताच्या कर्करोगाने मरणाच्या दारात जाऊन परत आला होता. त्याच्या ल्युकेमिया प्रतिष्ठानाला मदत म्हणून हा कार्यक्रम. त्याची ध्वनिमुद्रिका पाश्चात्त्य अभिजात संगीतातली सर्वाधिक खपाची ठरली. मग पुढे तीन टेनरांचा कारखानाच निघाला, तो भाग वेगळा. १९९१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये पावसात भिजत लाखाहून अधिक माणसांनी पावारोत्तीला ऐकलं. १९९३ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सुमारे पाच लाखांनी.

जाणकारांनी नाकं मुरडली. त्यांच्या बाजूलाही एक मोठा माणूस होता, त्याचं नाव घेतलंच पाहिजे. स्पेनचा आल्फ्रेदो क्राउस. कॅनरी बेटांवर १९२७ साली जन्मलेला, इंजिनिअरिंग शिकलेला, पावारोत्तीहून आठ वर्षांनी मोठा. त्याने आयुष्यभर आपल्या आवाजाला झेपतील अशा मोजक्याच भूमिका केल्या, बाकीच्यांना नम्रपणे नकार दिला आणि सत्तरीपर्यंत तो डौलात गात राहिला. मैदानी मैफलींना त्याचा उघड विरोध होता. माइकशिवायचा आवाज हाच ऑपेराचा प्राण; तो माइकसमोर उभा केला की ऑपेरा उरत नाही, अशी त्याची भूमिका होती. १९९९ साली तो गेला. क्राउसबद्दल मला अपार आदर आहे. नकार देता येणं ही कलावंताची फार मोठी कमाई असते.

तरीही मी या बाबतीत क्राउसच्या बाजूने नाही. एक तर माइकमधून गाताना पावारोत्तीने 'मी तुम्हाला थिएटरातला ऑपेरा देतो आहे' असा दावा केला नव्हता. मैदानातल्या माणसाला माहीत असतं, की समोर कर्णे आहेत. दुसरं म्हणजे ऑपेरा हे मुळात श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरतं संगीत कधी राहिलंच नाही. वेर्दीची गाणी इटलीत रस्त्यावरच्या पेटीवर वाजत. भट्टीतला पाववाला ती गातो, तंबाखूच्या कारखान्यातल्या बायकांची मुलं ती गात मोठी होतात, तेव्हाच तर पावारोत्ती जन्माला येतो! ज्या लोकांमधून तो आला, त्या लोकांकडे तो परत गेला, तर त्याला बाटला कसं म्हणायचं? आणि आमच्या आत्याच्या मेथीच्या जुडीपर्यंत पुच्चिनी पोहोचला, तो क्राउसच्या नकारामुळे नव्हे, पावारोत्तीच्या होकारामुळे.

एकाच वर्षातल्या दोन रात्री

मग चूक कुठली? ती सांगण्यासाठी मला १९९२ सालातल्या दोन रात्री शेजारी शेजारी ठेवायच्या आहेत.

पहिली रात्र सप्टेंबरातली, मोदेनाची. पावारोत्तीच्या स्वतःच्या गावात, उघड्यावर, पॉप गायकांबरोबरचा मोठा कार्यक्रम. हजारो लोक समोर. गाणं झालं, टाळ्या झाल्या. नंतर उघडकीस आलं, की पावारोत्तीचे ओठ हलत होते, गाणं टेपवरचं होतं. बीबीसीने हा कार्यक्रम पैसे मोजून घेतला होता. तिने पैसे परत मागितले.

दुसरी रात्र डिसेंबरातली, मिलानच्या ला स्कालाची. मोसमाचा पहिला प्रयोग, वेर्दीचा 'डॉन कार्लो', संचालक रिकार्दो मुती. भूमिका नवी, तयारी अपुरी. एका जागी आवाज फाटला आणि ला स्कालाच्या वरच्या गॅलरीने त्याची हुर्यो उडवली. तिथली गॅलरी आपल्याकडच्या जुन्या नाटकवेड्या पिटातल्या प्रेक्षकांसारखी. तिला नावाचं भय नसतं. पावारोत्तीने त्या रात्री प्रेक्षकांना दोष दिला नाही, स्वतःकडेच घेतला.

सांगायचा मुद्दा असा, की मला मिलानची हुर्यो मोदेनाच्या टाळ्यांपेक्षा मोलाची वाटते. मिलानला तो पडला, पण खरा पडला. समोरच्यांनी खरं ऐकलं, खरं बोलून दाखवलं. मोदेनाला तो पडलाच नाही, कारण तो उभाच राहिला नव्हता. लोकांकडे जाण्यात कमीपणा काहीच नाही. 'हे काय मैदानातले लोक, यांना काय कळणार आहे?' असं मनात आणून लोकांकडे जाणं, हा मात्र अपराध आहे. ला स्कालात टेप लावायची छाती त्याला झाली नसती. मोदेनाच्या लोकांसमोर झाली. म्हणजे ज्या साध्या माणसांसाठी तो मैदानात आला असं आपण मघाशी म्हणालो, त्यांनाच त्याने कमी लेखलं. पाववाल्याच्या मुलाने पाववाल्यांना शिळा पाव ताजा म्हणून विकला!

या चुकीच्या जातीतल्याच आणखी काही चुका आहेत. शिकागोच्या ऑपेरा कंपनीने आठ वर्षांत ठरलेल्या ४१ प्रयोगांपैकी २६ प्रयोग त्याने रद्द केल्याचा हिशेब मांडून १९८९ साली त्याच्याशी संबंध तोडले. गवयाचा घसा बसतो, ताप येतो, हे कोणीही मान्य करील. पण सव्वीस वेळा? २००२ च्या मे महिन्यात मेट्रोपोलिटनमध्ये 'तोस्का'चे दोन प्रयोग होते आणि हा त्याचा तिथला निरोप असेल असं सगळे धरून चालले होते. दोन्ही वेळा तो ऐनवेळी आलाच नाही. दुसऱ्या रात्री तर बाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर पाहायला हजारो लोक जमले होते. व्यवस्थापक जोसेफ व्होल्पी यांनी त्याला विनवलं, की गाऊ नका, पण निदान येऊन प्रेक्षकांना दोन शब्द सांगा. तेही झालं नाही. इतक्या सुंदर कारकिर्दीचा शेवट असा करू नये, या अर्थाचं आपण त्याला सांगितल्याचं व्होल्पी यांनी भर प्रेक्षागृहात जाहीर केलं. दोन वर्षांनी, १३ मार्च २००४ रोजी, तो परत आला, थकल्या गुडघ्यांनी, बसत-उठत तीच भूमिका गायला आणि उभ्या प्रेक्षागृहाने त्याला टाळ्यांनी न्हाऊ घातलं. मेट्रोपोलिटनमधला तो त्याचा ३७९ वा आणि अखेरचा प्रयोग. लोक क्षमा करायला बसलेलेच असतात. त्यांना फक्त कलावंत समोर यायला हवा असतो.

आत्याने या विषयावर एकदाच मत दिलं होतं. मोदेनाच्या प्रकाराची बातमी मी तिला वाचून दाखवली, तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मी नानासाहेबांना शेवटी शेवटीही पाहिलंय. बालगंधर्वांना रे. वय झालेलं, शरीर सुटलेलं, आवाज मध्येच पाठ फिरवायचा. आम्ही बायका पदर डोळ्यांना लावून बसायचो. पण जे येत होतं ते त्यांच्या गळ्यातून येत होतं. लबाडी नव्हती." आपल्याकडे नेहमी विचारलं जातं, कलावंताने केव्हा थांबावं? आत्याच्या हिशेबाने प्रश्नच वेगळा होता. थांबा किंवा थांबू नका. पण आहात तोवर तुम्हीच असा.

तुरीन आणि मोदेना

शेवटचा सार्वजनिक कार्यक्रम १० फेब्रुवारी २००६ रोजीचा. तुरीनमधल्या हिवाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन. कडाक्याची थंडी. पावारोत्ती सत्तर वर्षांचा, प्रकृती ढासळलेली. पुढे जुलैमध्ये त्याच्यावर स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. तो आला, रोमच्या त्या रात्रीचंच 'नेसून दोर्मा' झालं आणि साऱ्या जगाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो गेल्यानंतर २००८ साली, त्याचा अनेक वर्षांचा साथीदार आणि त्या रात्रीचा वाद्यवृंदसंचालक लेओने माजेरा याने पुस्तकात लिहिलं, की सगळं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं होतं. गायकही आणि वाद्यवृंदही नुसता अभिनय करत होता.

मी हे वाचलं तेव्हा मोदेनाइतका राग आला नाही. त्या थंडीत आजारी म्हाताऱ्याला गायला लावणं क्रूरपणाचं झालं असतं. पण एक वाक्य बोलायला काय हरकत होती? 'आज माझा गळा साथ देत नाही. काही दिवसांपूर्वी मी हे तुमच्यासाठी गायलो आहे, ते ऐका' असं निवेदकाने सांगितलं असतं, तर जग त्याच्यावर काकणभर जास्तच माया करतं. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. लपवल्यामुळे ते लबाडीचं झालं.

आणि याचा पुरावा दीड वर्षानेच मिळाला. ८ सप्टेंबर २००७. मोदेनाच्या जुन्या कॅथेड्रलमध्ये पावारोत्तीची शवपेटी ठेवली होती. बाहेरच्या चौकात अवघं गाव लोटलेलं. प्रार्थना चालू असताना एक ध्वनिमुद्रण लावलं गेलं. १९७८ साली लुचानो आणि त्याचे वडील फेर्नांदो यांनी एकत्र गायलेलं एक भक्तिगीत. वडील २००२ साली वारलेले, मुलगा समोर पेटीत. दोन आवाज, एक जगाने ऐकलेला आणि एक भट्टीशीच राहिलेला, देवळात मिसळले आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

तीही टेपच होती. पण कोणी फसलं नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं की हे गेलेल्या माणसांचे आवाज आहेत. ध्वनिमुद्रण खोटं नसतंच. ते जिवंत गाणं म्हणून पुढे करणं खोटं असतं. मी दिवाळीत ऐकलेली कॅसेट खोटी नव्हती. मोदेनाची १९९२ ची रात्र होती.

आज आपल्या मुलांच्या हाती यंत्रं अशी आली आहेत, की बेसूर गळा सुरात आणता येतो, न गायलेलं गाणं गायलेलं दाखवता येतं. सोसायटीच्या गणेशोत्सवात सहा वर्षांची चिमुरडी माइक हातात धरून मागे वाजणाऱ्या गाण्यावर ओठ हलवते आणि आपण कौतुकाने मोबाइल उंच धरतो. हौसेला माझा विरोध नाही. पण त्या मुलीला कधी तरी, एकदा, मागचं गाणं बंद करून गायला सांगा. ती अडखळेल, घाबरेल, सूर सुटेल. सुटू द्या. घाबरण्यात लाज नाही हे तिला सांगा. फेर्नांदो घाबरले आणि मागे राहिले. लुचानो घाबरला, वाकडा खिळा शोधला आणि पुढे गेला. ज्या रात्री तो भीतीसकट उभा राहिला, त्या रात्री तो मोठा होता. ज्या रात्री त्याने भीती टाळायची युक्ती काढली, त्या रात्री तो फक्त प्रसिद्ध होता.

ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. टेपरेकॉर्डर केव्हाच मोडीत गेला. आत्याही नाही. नवीन यंत्रावर ते गाणं केव्हाही ऐकता येतं, आणि शेवटच्या स्वराला अजूनही मेथी निवडणारा तिचा हात थबकलेला दिसतो. 'हा माणूस गाताना भीत नाही' हे तिचं म्हणणं बरोबर नव्हतं, हे तिला सांगायचं राहून गेलं. तो फार भ्यायचा, आत्या. तरीही गायचा, म्हणून तुला तो आवडला.